हेझल्टनची कबर: बापाचं घराणं की चार आयांचं?

काळीमाती: ग्लॉस्टरशायरमधलं हेझल्टन नॉर्थचं दगडी थडगं सुमारे ५७०० वर्षांपूर्वीचं. इंग्लंडात शेती नुकती रुजत होती तेव्हाचं. २०२२ मध्ये त्यातल्या ३५ जणांच्या डीएनएचा अभ्यास ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला. २७ जण एकाच कुटुंबाच्या पाच पिढ्यांतले निघाले, मूळ पुरुष एक आणि त्याच्या बायका चार. शेती आली की वारसा आला, आणि वारसा आला की लेक परक्याची झाली, असं माझं मत. घराण्यातल्या दोन मुली आहेत तिथे, त्याही लहानपणीच गेलेल्या. मोठी झालेली एकही लेक नाही. आपले कुळवृत्तांत काढून बघा, वेगळं काय असतं?

उंबरठा: वेगळं आहे ना! कबरीला दालनं दोन, उत्तर आणि दक्षिण. दोघी बायकांची संतती दक्षिणेत, उरलेल्या दोघींची बहुतेक उत्तरेत. बाप तर सगळ्यांचा एकच. मग कोणाला कुठे ठेवायचं हे आईवरूनच ठरलं की. शिवाय घरात आलेल्या बायकांना दुसऱ्या पुरुषांपासून झालेले मुलगेही तिथेच आहेत. रक्ताचाच हट्ट असता तर त्यांना आत घेतलं असतं का?

काळीमाती: घेतले ते मुलगेच, सावत्र का असेनात. मुद्दा माझाच पक्का होतोय.

गारगोटी: दोघंही हाडांवरून संसार मांडताय. आठ जणांचं या कुटुंबाशी रक्ताचं नातं सापडलेलं नाही, त्यांच्याबद्दल कोणीच बोलत नाही. काही सुना असतील, मान्य. पण सगळे? उत्तर दालनाच्या तोंडाशी एक पुरुष पुरलाय, त्याच्याजवळ चकमकीचा गाभा आणि तो फोडायचा दगड. त्याची कारागिरी पुरणाऱ्यांना दाखवावीशी वाटली. कुळापलीकडेही माणसाची ओळख होती ती अशी. आणि एका थडग्यावरून सगळ्या आद्य शेतकऱ्यांचा कायदा लिहू नका. आयर्लंडच्या न्यूग्रेंजच्या दगडी थडग्यात पुरलेल्या एका माणसाचे आईबाप सख्खे बहीणभाऊ किंवा तितक्याच जवळच्या नात्यातले निघाले, तर अशी लग्नं काही राजघराण्यांत होत म्हणून २०२० मध्ये लगेच राजघराण्याची भाषा सुरू झाली. एका माणसावरून!

उंबरठा: कारागिराचं पटलं. पण काळीमाती, मोठ्या लेकी इथे नाहीत एवढंच दिसतंय. त्या नवऱ्याच्या गावच्या कबरीत असतील, किंवा त्यांचं दहन झालं असेल. आजूबाजूच्या थडग्यांतल्या हाडांचा डीएनए याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांना परकी ठरवायची घाई कशाला?