नुसत्या डेस्कटॉपवर ग्राफिक्स कार्ड ४२ वॅट खातंय, १६५ हर्ट्झ सोडून द्यायचे का?

उद्यमनगरकर : कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात ओतकामाच्या पॅटर्नची ड्रॉइंग करून देतो. मशीनला दोन मॉनिटर आहेत, एक २७ इंची १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र नव्याने काढणारा, आणि दुसरा जुना, ६० हर्ट्झचा. काही उघडलेलं नसतानाही कार्ड ४२ वॅटवर बसतंय. जुन्याची केबल काढली की ११. कार्डाचे आकडे दाखवणाऱ्या जीपीयू-झेडमध्ये कोअर क्लॉक (मुख्य चिपचा वेग) खाली उतरलेला दिसतो, मेमरी क्लॉक (कार्डाच्या मेमरीचा वेग) मात्र पार वर अडकलाय. रात्री गल्ली शांत झाली की दर पाच-सात मिनिटांनी कार्डाचा पंखा सुरू होतो, मिनिटभर घरघरतो, परत थांबतो. ब्राउझर बंद करून झाला, हलता वॉलपेपर काढून झाला. दुकानदार म्हणतो, रिफ्रेश रेट, म्हणजे हे हर्ट्झ, कमी करा. १६५ चे पैसे मोजलेत, मग मी का कमी करू?

रंकाळाकाठ : दादा, दुकानदार बरोबर सांगतोय. मेमरीचा वेग बदलताना ती क्षणभर थांबवावी लागते. एक चित्र संपून दुसरं सुरू होईपर्यंत जी फट असते तिच्यात हे उरकलं तरच स्क्रीन लुकलुकत नाही. तुमच्या दोन मॉनिटरच्या फटी एकावर एक येतच नाहीत, म्हणून कार्ड मेमरी वरच ठेवतं. मोठा मॉनिटर १२० वर आणून बघा, ६० च्या बरोबर दुप्पट. ड्रॉइंग करताना १२० आणि १६५ मधला फरक डोळ्याला कळत नाही.

मंगळवारपेठ : मला हे अजिबात पटत नाही. डब्यावर १६५ छापायचं आणि वापरणाऱ्याला १२० वर बसवायचं? एएमडीची ७९०० ही कार्डांची मालिका डिसेंबर २०२२ मध्ये आली, तेव्हा असाच प्रकार होता. कंपनीने ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नोंदींत तो मान्य केला आणि पुढच्या ड्रायव्हरांनी बराच कमी केला. म्हणजे दुरुस्ती करता येते. लोक गप्प बसले तर कोण करणार?

रंकाळाकाठ : करता येते, पण सगळीच नाही. मॉनिटरनेच फट फार बारीक ठेवली असेल तर ड्रायव्हर काय करणार? कस्टम रिझोल्यूशनच्या सेटिंगमध्ये वरपासून खालपर्यंतच्या ओळींची एकूण संख्या (व्हर्टिकल टोटल) वाढवून ती फट रुंद करता येते, पण तिथे मॉनिटर साथ देईलच असं नाही. आणि या ३० वॅटसाठी एवढा त्रास? रोज १० तास, २६ दिवस धरा. महिन्याला आठ युनिटही होत नाहीत.

शिरोली_फाउंड्री : एका घरात आठ युनिट, ठीक आहे. आमच्या डिझाइन खोलीत अशी बारा मशीनं आहेत. एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या खोलीत ही उष्णता अंगावर येते, बिल तर नंतर. आम्ही दुसरा मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावला. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स पाहिजे, इंटेलच्या ‘एफ’ शेपटीच्या प्रोसेसरात ते नसतं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स चालू ठेवायचं. मुख्य कार्ड लगेच खाली बसलं.

मंगळवारपेठ : आणि थ्रीडी मॉडेलची खिडकी त्या मॉनिटरवर ओढली की अडखळत नाही?

शिरोली_फाउंड्री : अडखळते, खोटं कशाला सांगू. आम्ही तिकडे फक्त मेल आणि पीडीएफ ठेवतो. आणखी एक : इंटेल आर्क कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बायोसमध्ये एएसपीएम (कार्डाच्या पीसीआय एक्सप्रेस जोडणीची वीजबचत) चालू करायचं आणि विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये पीसीआय एक्सप्रेसची जास्तीत जास्त बचत निवडायची, हे इंटेलनेच सांगितलंय.

उद्यमनगरकर : करून बघितलं. माझ्या प्रोसेसरात ग्राफिक्स नाही, तो रस्ता बंद. १४४ वर काही फरक नाही, ४१ वॅट. १२० केलं आणि तीन-चार सेकंदात मेमरी क्लॉक धाडकन खाली आला, १५ वॅट. पंखा तासाभरात एकदाही फिरला नाही. ड्रॉइंगला १२० पुरतंय हे मान्य करतो. पण घरी पोरगा याच मशीनवर गेम खेळतो, तेव्हा दर वेळी सेटिंग बदलायला लागणार.

रंकाळाकाठ : खेळताना कार्ड तसंही पूर्ण जोरात असतं. तेवढ्यापुरतं १६५ करा.

मंगळवारपेठ : करा, पण तक्रार मागे घेऊ नका. कार्डाच्या कंपनीला दोन्ही मॉनिटरचे मॉडेल, ड्रायव्हरची आवृत्ती आणि हे तिन्ही आकडे पाठवा : १६५ ला ४२, १४४ ला ४१, १२० ला १५. नुसतं ‘वीज जास्त खातंय’ लिहिलं तर कोणी बघत नाही.