20 लाखांचे एमबीए: ओळखींसाठी घर तारण ठेवावे का?

केळीपट्टा, रावेर
जळगावच्या एका डाळमिलमध्ये मी चार वर्षांपासून खरेदी आणि हिशेब पाहतो. पुण्यातील एका खासगी संस्थेत पूर्णवेळ एमबीएला प्रवेश मिळत असून दोन वर्षांचा खर्च वसतिगृहासह 20 लाख रुपये आहे. शिकवण्यापेक्षा तेथे होणाऱ्या ओळखी अधिक मोलाच्या, असे सगळेच सांगतात; परंतु त्यांच्यासाठी वडिलांचे राहते घर तारण ठेवावे का, हे ठरत नाही.

निवृत्त बँक कर्मचारी, धुळे
आधी हप्ता मांडा. साडेसात लाखांपुढील शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतातच. व्याज 10 टक्के धरले आणि दर वर्षाच्या आरंभी 10 लाख उचलले, तर शिक्षणाची दोन वर्षे व नंतर हप्ता न भरण्याच्या सवलतीचे एक वर्ष मिळून सरळव्याजच 5 लाख होते. ते मुद्दलात मिळवून 10 वर्षांत फेडायचे म्हटल्यास महिन्याचा हप्ता सुमारे 33,000 रुपये पडेल. व्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळते, पण तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. संस्थेच्या जाहिरातीतील सर्वाधिक पगार पाहू नका, मधला आकडा मागा, म्हणजे निम्म्या विद्यार्थ्यांना ज्याहून जास्त व निम्म्यांना ज्याहून कमी मिळाले तो.

मूळ अमळनेर, सध्या पुणे
मी असाच खर्च केला आहे. पहिली नोकरी संस्थेतून लागली, दुसरी मात्र वर्गमित्राच्या शिफारशीने, म्हणजे ओळख उपयोगी पडते. तरीही 120 जणांच्या वर्गातून आज माझा फोन उचलणारे सहा-सात असतील आणि ते सारे पुण्या-मुंबईच्या बँकांत किंवा संगणक कंपन्यांत आहेत. उद्या अमळनेरला परतलो, तर त्यांचा मला काय उपयोग?

दाणाबाजार, जळगाव
भाऊ, आमच्या धंद्यात ओळख म्हणजे उधारी. अकोल्याचा किंवा लातूरचा दलाल फोनवर भाव पक्का करून तुरीची गाडी भरतो, ती वेळेवर पैसे पोहोचवणाऱ्याच्या नावावर, पदवीवर नव्हे. चार वर्षांत ते नाव तुम्ही कमावले असेल, तर दोन वर्षांच्या गैरहजेरीत त्या खुर्चीवर दुसरा बसेल, हाही खर्चच. पदवीच हवी असेल, तर आपल्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठातही एमबीए आहे. निर्यातीत किंवा मोठ्या कंपनीत जायचे असल्यास मात्र माझे बोलणे सोडून द्या.

केळीपट्टा, रावेर
मला धान्याच्याच धंद्यात राहायचे आहे. पुण्याच्या संस्थेकडे अन्नप्रक्रियेत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची नावे मागितली आहेत; त्यांच्याशी बोलणे होईपर्यंत घराची कागदपत्रे बँकेत देणार नाही. दादा, दुकानी येऊन भेटलो तर चालेल का?