पवनचक्की घरापासून किती लांब पाहिजे? कंपनीवाले म्हणतात २२० मीटर, गावात म्हणतात ५००

बालाघाटी (वाशी तालुका, धाराशिव)
रामराम मंडळी. गावाचं नाव टाकत नाही, डिसेंबर २०२४ ला बीडच्या मस्साजोगला पवनचक्की कंपनीकडं मागितलेल्या खंडणीच्या वादात सरपंचाचा खून झाला म्हणतात, त्यानंतर घरात पवनचक्कीचं नाव काढलं तरी आई म्हणते गप बस. पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

आमची शेतात वस्ती आहे, सहा घरं, सगळी भावकी. शेजारच्या वावरात पवनचक्कीचा खड्डा खांदून झालाय, सळईचे ट्रक येऊन पडलेत. ते वावर चुलत्याचं आहे, त्यानं दिलं, त्याचं त्याला लखलाभ, पण आम्हाला खड्डा पडल्यावर कळलं. मोबाईलच्या नकाशावर मोजलं तर आमच्या दारापासून ३१० मीटरच्या आसपास भरतंय. कंपनीच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला नियम २२० मीटरचा आहे काका, तुम्ही लई लांब आहात. सरपंच म्हणतात नियम ५०० चा आहे पण तो गावठाणापासून मोजतात आणि गावठाण दीड किलोमीटरवर आहे, म्हणजे तुमचं काहीच नाही. मग आम्ही काय हवेत राहतो का?

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे. खरा आकडा कोणता, अन् तिथं बोलायचं काय ते सांगा. चुलत्याशी भांडण नको आहे, त्याच्या पोरीचं लग्न याच वर्षी आहे.

पाटोद्याची_लेक
दादा, आमच्या वस्तीपासून ४०० मीटरवर दोन वर्षं झाली चालू आहे, म्हणून लिहितेय. दिवसा काही वाटत नाही, खरंच सांगते, मोटर चालू, लेकरांचा कालवा, ट्रॅक्टर, त्यात ती कुठं ऐकू येती. पावसाळ्यात वारं जोरात असतं तेव्हाही पावसाच्या अन् झाडांच्या आवाजात झाकून जाती. त्रास रात्रीचा. आभाळ मोकळं असलं, लिंबाचं पान हलत नाही, अन् वर ती गरागरा फिरत असती, तेव्हा झूप... झूप... झूप असं चालू राहतं. सासूबाई म्हणतात पिंजारी बसलाय लांब कुठंतरी कापूस पिंजत. मला पहिले सहा महिने झोपच नव्हती, आता लागते, पण मधी जाग आली की परत तेच कानात बसतं. मालक मात्र ढाराढूर झोपतात, त्यांना आवाजच येत नाही म्हणे. म्हणजे माणसामाणसात फरक आहे.

दुसरं सावलीचं. आमची नैऋत्येला आहे, तर थंडीत सूर्य मावळायच्या टायमाला पात्याची सावली सैपाकघराच्या भिंतीवरून सप सप जाती. भाकरी थापताना डोकं गरगरतं. पंधरावीस मिनिटं चालतं, काही आठवडे, मग सूर्य सरकला की बंद. तुमची कोणत्या दिशेला आहे ते बघा आधी, उत्तरेला असंल तर सावलीचं टेन्शन नाही.

टॉवरवरचा_माणूस
मी याच लाईनमधे आहे, मेंटेनन्सला, कुठल्या कंपनीत ते विचारू नका. तुमच्या कंपनीच्या माणसानं खोटं नाही सांगितलं पण अर्धं सांगितलं.

केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना आहेत, २२ ऑक्टोबर २०१६ च्या. त्यात दोन वेगळी अंतरं आहेत. एक, टॉवरची उंची अधिक पात्याच्या घेराच्या व्यासाचं निम्मं अधिक ५ मीटर. हे रस्ता, रेल्वे, इमारती, मोठ्या विजेच्या लाईनी यांच्यापासून. समजा टॉवर १४० मीटर अन् व्यास १५० मीटर, तर १४० + ७५ + ५ = २२०. आला तुमचा आकडा. याचा अर्थ एवढाच की उद्या आख्खं मशीन आडवं झालं तर त्याचं टोक तुमच्यापर्यंत पोचू नये. दुसरं अंतर आवाजासाठी आहे, कुठल्याही राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत उभारू नये असं. त्यात गावठाण हा शब्दच नाही. राहतं घर म्हणलंय.

आता कडू गोष्ट. ह्या सूचना आहेत, कायदा नव्हे, त्यामुळं मोडल्या म्हणून उद्या कोणी आत जाणार नाही. अन् पवनऊर्जा २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीतच नाही, म्हणून जनसुनावणी होत नाही. म्हणून तुम्हाला खड्डा पडल्यावर कळतं.

ताईंनी रात्रीचं लिहिलं ते शंभर टक्के खरं आहे. रात्री जमीन थंड होते, खालचं वारं पडतं पण १४० मीटरवरचं चालूच राहतं. खाली शांतता, वर मशीन फुल. दिवसा साईटवर येऊन मीटर लावून "बघा आवाज कमी आहे" म्हणणं सोपं असतं, मोजायचं तर रात्री मोजा. ध्वनी प्रदूषणाच्या २००० च्या नियमात रहिवासी भागाला रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनी उतरतो, म्हणजे ३०० चं ६०० केलं तर फरक जाणवतो, ३०० चं ३५० केलं तर काही नाही.

वावर_माझं
एक बाजू झाली, आता आमची ऐका. मी जमीन दिलेला माणूस आहे. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता, आमच्याकडं व्यापाऱ्यानं किती दिला ते इथं सगळ्यांना माहितीये, लिहून बीपी कामून वाढवू. बोअरला पाणी नाही, माळरान आहे, कुसळाशिवाय काही येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माळाला किंमत आली तर लगेच भावकीला आवाज यायला लागला. पैसे मिळाले असते तर आवाज आला असता का हो?

अन् प्रत्येक वस्तीपासून ५०० मीटर धरा बरं नकाशावर. आपल्याकडं प्रत्येक शिवारात दर दोन वावराला एक कोठा, एक वस्ती. सगळीकडं गोल मारले तर मशीन उभी कुठं करायची, मांजरा धरणात?

पाटोद्याची_लेक
भाऊ, पैशाचं खरं बोललात, ते लपवायचं कारण नाही. ज्याच्या वावरात उभी आहे त्याला पैसे, ज्याच्या उशाला फिरती त्याला काही नाही. आमच्याकडं हाच राग आहे, आवाज दुसऱ्या नंबरला. थोडं शेजारच्यांनाही दिलं असतं तर अर्ध्या लोकांना झोप लागली असती. पण मला पैसे नको, झोप पाहिजे, असं म्हणणारी बाईही आहे या गावात, ती मी.

माळकरी_७२
ह्या पंख्यांनी ढग पळवले. जेव्हापासून आल्यात तेव्हापासून पाऊस नाही.

टॉवरवरचा_माणूस
@माळकरी_७२ दादा, मराठवाड्यात दुष्काळ १९७२ ला पडला तेव्हा कुठली पवनचक्की होती? तुमच्या नावातच आहे साल. सह्याद्री ओलांडून येईस्तोवर ढग रिकामे होतात, आपण पर्जन्यछायेत आहोत. ग्रामसभेत हे बोललात तर कंपनीवाला हसून खरे मुद्देपण उडवून लावील.

शिक्षक_अंबाजोगाई
बाहेरचं थोडं सांगतो. डेन्मार्कमध्ये घरापासून अंतर मशीनच्या एकूण उंचीच्या चौपट लागतं, म्हणजे तुमची टॉवर अन् वरचं पातं धरून (१४० + ७५) २१५ मीटरची असली तर ८६०. जर्मनीतल्या बव्हेरियानं २०१४ ला दहापट केलं तर नवीन मशीन उभं राहणंच जवळपास थांबलं, पुढं त्यांनाही ढिलं करावं लागलं. पोलंडनं २०१६ ला दहापटच केलं होतं, २०२३ ला ७०० मीटरवर आणलं. सावलीसाठी जर्मनीत वर्षाला ३० तास, दिवसाला ३० मिनिटं ही मर्यादा धरतात. आरोग्याचं म्हणाल तर कॅनडाच्या आरोग्य खात्यानं २०१४ ला मोठा अभ्यास जाहीर केला, त्यात आवाज वाढेल तसा लोकांचा वैताग वाढतो हे दिसलं, पण आजारांशी संबंध दिसला नाही. म्हणून कॅन्सर होतो, गाभण म्हशी टाकतात वगैरे व्हॉट्सॲपवरचं बोलू नका. वैताग हाच मुद्दा पुरेसा आहे.

दप्तरवाला
ग्रामपंचायतीच्या कामात २० वर्षं काढली, म्हणून मुद्द्याचं सांगतो. तुमची सहा घरं नमुना ८ ला आहेत का? ८अ नव्हे, तो जमिनीचा. ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही म्हणतोय. शेतवस्तीवरच्या निम्म्या घरांची नोंदच नसते, घरपट्टी वाचते म्हणून लोक खूश असतात, अन् अशा वेळी कागदावर तिथं निसतं रान दिसतं. नोंद नसेल तर आजच अर्ज करा, पोच घ्या. लाईटबिल, रेशनकार्डाचा पत्ता, मतदार यादी, जे असेल ते जोडा. मग तहसीलदार अन् जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज, की राहत्या घरापासूनचं अंतर मोजून पंचनामा करावा, काँक्रीट पडायच्या आधी. काँक्रीट पडलं की विषय संपला असं धरा.

ठरावात "विरोध" लिहू नका. "राहत्या घरापासून ५०० मीटर अंतर राखावे, शेतवस्तीसह" एवढं लिहा. त्यानं चुलत्याचाही मान राहतो. आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, ती कागदावरच होते बहुतेक. तुमच्या घरातल्या बायकांना म्हणावं यावेळी खरोखर बसा अन् विषय तिथून आणा.

टॉवरवरचा_माणूस
एक राहिलंच. मशीन हलवलीच नाही तर किमान दोन गोष्टी लेखी मागा. रात्री आवाज कमी करायचा मोड असतो, वीज थोडी कमी होते पण मशीन शांत चालतं. अन् सावली पडायच्या ठराविक वेळेला मशीन आपोआप थांबवता येतं, सेटिंगच आहे ते. कंपनी आपणहून कधी सांगणार नाही.

बालाघाटी (वाशी तालुका, धाराशिव)
सगळ्यांचे आभार. काल टेप लावून मोजलं, पुतण्या एका टोकाला अन् मी एका टोकाला, तुरीतून वाकत वाकत. घरापासून ३१८ भरलं. नमुना ८ ला सहापैकी दोनच घरं निघाली, आमचं नाही. अर्ज दिलाय, पोच घेतली.

चुलत्याकडं पण जाऊन आलो. चहा झाला. ते म्हणाले मला कागदावर सही घेताना वस्तीचं कुणी विचारलंच नाही, अन् मशीन माझ्याच रानात बांधाच्या पलीकडच्या कोपऱ्याला सरकवत असतील तर माझी ना नाही, फक्त पैसे कमी झाले तर बघ. तो कोपरा मोजला, तिथून आम्ही ५४० वर जातो. पण तिकडं दुसऱ्या एकाची वस्ती आहे, दोन घरं, ती ४६० वर येतात. आता त्यांच्याशी बोलायचंय.

@दप्तरवाला अजून एक विचारायचं होतं. आमचे आबा बारा महिने जनावरांच्या गोठ्यात झोपतात, घरात येतच नाहीत. गोठा खड्ड्यापासून २९० वर आहे. मोजायचं कुठून, घरापासून का गोठ्यापासून? आबांना विचारलं तर म्हणाले मला ऐकूच येत नाही, तुमचं तुम्ही बघा.