पाऊस लांबला की वाटपाचं गणित फिसकटतं: सोयाबीन-सरकी किती उचलायची, कोणत्या केंद्राला किती द्यायची?

दारव्हा_होलसेल
बियाणं, खत, औषधं असे तिन्ही परवाने, तालुका पातळीवरचा होलसेल. खाली ३४ कृषी केंद्रं, त्यातली ११ आडवळणाच्या गावांत. मे अखेरीस सगळ्यांनी लिहून दिलेल्या मागणीची बेरीज केली तर सोयाबीनच्या ३० किलोच्या ५,२०० बॅगा होतात. मागच्या तीन खरिपांत प्रत्यक्ष खपल्या ३,१००, ३,६०० आणि २,७००. रक्कम आगाऊ भरावी लागते. कमी उचललं तर पहिल्या पावसाला फोन थांबत नाहीत, जास्त उचललं तर जुलैत परतीच्या बॅगांनी गोदाम भरतं. सरकीत एका वाणासाठी रांग अन् बाकीच्या थैल्यांना कोणी विचारत नाही. किती उचलावं, वाटप कसं करावं आणि परतीचा नियम काय ठेवावा?

हिशेबी
५,२०० चा आकडा बाजूला ठेवा. केंद्रवाला मागच्या वर्षीचा तुटवडा डोळ्यांसमोर ठेवून ऑर्डर लिहितो. १०० मागून ६० मिळाल्या असतील तर यंदा तो १७० लिहितो, म्हणजे कापून १०० तरी हातात पडतील. तुम्ही त्या बेरजेवर थोडं चढवता, कंपनीचा माणूस टार्गेटसाठी आणखी चढवतो. शेतात पेरली जाणारी एकरं मात्र तेवढीच राहतात.

केंद्रनिहाय खरा खप काढा: पाठवलेला माल, वजा परत आलेला, वजा ३१ जुलैला त्याच्या दुकानात पडून असलेला. हा शेवटचा आकडा बहुतेक जण धरत नाहीत आणि तिथेच फसतात. तुमचे ३,६०० या पद्धतीने काढलेत का, ते आधी तपासा.

आता किती उचलायचं. हे कंपनीच्या परतीच्या अटीवर ठरतं. समजा एका बॅगेवर तुम्हाला १५० रुपये सुटतात आणि उरलेली बॅग परत करायला भाडं-हमालीचे ४० रुपये जातात. १५० ला दोन्हींच्या बेरजेने, म्हणजे १९० ने भागा, येतात ०.७९. म्हणजे दहापैकी आठ हंगामांत पुरेल एवढा माल उचलणं फायद्याचं. तुमच्या आकड्यांवरून ३,५०० च्या आसपास. पण कंपनी परत घेत नसेल आणि बॅगेमागे ९०० रुपये बुडणार असतील, तर १५० भागिले १,०५०, म्हणजे ०.१४. मग २,७०० च्या वर जायचं कारण नाही, फोन कितीही येवोत. बीजप्रक्रिया केलेलं, रंग लावलेलं सोयाबीन मोंढ्यात धान्य म्हणून विकता येत नाही, त्यामुळे हे ९०० खरोखर बुडतात. परतीची अट मार्चमध्येच लेखी घ्या, तोंडी शब्दावर नको.

आणखी एक खूण. बॅगेची मागणी घरच्या बियाण्यावर हलते. मागच्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी गंजी भिजल्या असतील तर घरचं सोयाबीन उगवत नाही आणि शेतकरी बॅगेकडे वळतो. काढणी कोरडी गेली की तो घरचंच चाळून पेरतो. मे महिन्यात पाच-सहा गावांतून घरच्या बियाण्याचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते बघा. ७० च्या खाली सर्रास येत असेल तर आकडा वर न्या.

गोदाम_पुसद
वाटपाबद्दल. सरसकट एकच टक्का लावू नका. रस्त्यावरच्या २३ केंद्रांना मृगाच्या आधी त्यांच्या खऱ्या खपाच्या ६० टक्के द्या आणि ४० टक्के स्वतःच्या गोदामात ठेवा. आतल्या ११ केंद्रांना मात्र आधीच ८५ टक्के पोहोचवा. काळ्या मातीत पाऊस झाला की गाडी पांदणीतच रुतते, नाल्याला पाणी असलं तर दोन-तीन दिवस कोणी पलीकडे जात नाही, आणि नेमके तेच पेरणीचे दिवस असतात.

राखलेला ४० टक्के माल पावसाच्या आकड्यावर सोडा. राज्य सरकारच्या ‘महारेन’ या पावसाच्या साइटवर महसूल मंडळनिहाय (मंडळ म्हणजे तालुक्यातला काही गावांचा गट) रोजचा पाऊस दिसतो. कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका म्हणतो. तुम्ही मंडळाची बेरीज ४०-५० वर गेली की गाडी भरा. एकाच तालुक्यात एक मंडळ ९० वर आणि शेजारचं २० वर असतं. सगळा माल आधीच वाटून टाकला तर नेमका कोरड्या मंडळात अडकतो.

एका केंद्राचा माल परस्पर दुसऱ्याला देऊ नका. आधी तुमच्याकडे परतीचं बिल, मग नवं बिल, त्यावर लॉट नंबर. ज्याला देताय त्याच्या परवान्यावर त्या कंपनीचं उगम प्रमाणपत्र (तिचा माल विकायची तिने दिलेली लेखी संमती) नोंदलेलं हवं, नाहीतर निरीक्षक विक्री बंद करतो.

सोयाबीनची थप्पी सहा-सात बॅगांच्या वर नको, खाली लाकडी फळ्या हव्यात, हमालाने लोखंडी आकडा लावायचा नाही, गाडीवरून बॅग फेकायची नाही. टरफल पातळ असतं, दाणा फुटला नाही तरी आतून मार बसतो आणि तक्रार उगवणीची येते.

पऱ्हाटीवाला
सरकीले हा ६०-४० चा नियम चालत नाई, भाऊ. मानूस वानाचं नाव घेऊनच दुकानात येते. नसलं तर शेजारच्या तालुक्यात जाते, नाई तं जास्तीचे पैसे देऊन कोनाकडूनही घेते. सरकारनं बीजी-२ चा, म्हंजे बीटी सरकीचा, भाव बांधला हाय, २०२५-२६ ले ४७५ ग्रॅमच्या थैलीले ९०१ रुपये. चालनारा वान असो का पडून राह्यनारा, भाव एकच. म्हनून कमतरता भावात दिसत नाई, रांगेत दिसते.

ज्या वानाची रांग लागते त्याचा पुरा कोटा पह्यल्याच फेरीत समद्या केंद्राइले खऱ्या खपाच्या प्रमानात वाटून टाका, राखून ठेवू नका. बाकीचे वान चारच्या वर ठेवू नका. बारा वान ठेवले तं बाराही उरते. विक्री उघडायची तारीख कृषी विभाग सांगते, तिच्या आधी थैली शेतकऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका.

अन् चोरबीटी, म्हंजे परवानगी नसलेली तननाशक सोसनारी सरकी, गावागावात फिरते, तिची नोंद कुठंच नसते. एखाद्या केंद्राचा सरकीचा खप एकदम पडला तं आधी हे पाहा, केंद्रवाल्यावर खापर फोडू नका.

दारव्हा_होलसेल
वाणांचं पटलं, आमच्याकडे अकरा आहेत. तणनाशक आणि युरियाला हाच हिशेब लावायचा का? आणि परतीची तारीख कोणती धरायची?

हिशेबी
नाही, तिथे काम सोपं आहे, कारण मागणी पेरणीच्या मागून येते. मंडळाची पेरणी २० जूनला झाली की उगवणीनंतरच्या तणनाशकाला ५ ते १० जुलै हे दिवस. ३० किलोची बॅग म्हणजे साधारण एक एकर. इमॅझेथापायर १० टक्के एसएल एकरी ४०० मिली लागतं. एखाद्या केंद्राने २०० बॅगा विकल्या, वर घरचं बियाणं पेरलेली तेवढीच एकरं धरली आणि निम्मे लोक फवारतील असं मानलं, तर २०० एकरांना ८० लिटर. ५ जुलैच्या आत ५० लिटर पोहोचवा, उरलेलं हवामान बघून. झड लागली आणि आठ दिवस फवारणीच झाली नाही तर तण हाताबाहेर जातं, मग डवरा आणि निंदण. ती मागणी पुढे सरकत नाही, बुडते. कपाशीचा युरिया साधारण ३० आणि ६० दिवसांवर धरा.

खतात पॉस मशीनवर, म्हणजे शेतकऱ्याचा अंगठा घेऊन विक्री नोंदवणाऱ्या मशीनवर, लक्ष ठेवा. तुम्ही पाठवलेला माल केंद्रवाल्याने मशीनवर स्वीकारला नाही तर तो वाटेतच दिसतो, आणि विकून अंगठा घेतला नाही तर साठा पडून दिसतो. खताच्या पुढच्या रेकच्या (मालगाडीच्या) वेळी शिल्लक जास्त दिसली की अडचण तुमचीच. दर शनिवारी मशीनवरची शिल्लक आणि गोदामातल्या बॅगा मोजून जुळवा. युरियाच्या ४५ किलोच्या बॅगेसोबत दुसरं काही घ्यायची सक्ती कंपनीने केली तर ती खाली ढकलू नका. लिंकिंग बेकायदेशीर आहे आणि बिलावर सही तुमची असते.

गोदाम_पुसद
परतीच्या तारखा दोन ठेवा. ५ जुलैपर्यंत जो केंद्रवाला जास्तीच्या बॅगा लिहून कळवेल त्याला पूर्ण क्रेडिट, कारण तेव्हा कुठेतरी दुबार पेरणी चालू असते आणि माल हलवता येतो. १५ जुलैनंतर सोयाबीन पेरत नाहीत, म्हणून २० जुलैला दार बंद. मधल्या पंधरा दिवसांत आलेल्या बॅगेवर भाडं आणि हमाली त्याच्या खात्यातून कापा. शिवण उसवलेली, ओली किंवा लेबल फाटलेली बॅग कोणत्याच तारखेला नाही. हे सगळं मे महिन्याच्या पहिल्या बिलावरच छापून घ्या.

औषधांना एक्सपायरीच्या सहा महिने आधीची तारीख लावा. मुदत संपलेला डबा दुकानात वेगळा ठेवून वर ‘मुदतबाह्य’ लिहावं लागतं, आणि तो परत घेताना कंपनी हात वर करते.