एक लेखन, अनेक भाषा: शब्दकोशात एकच पान असावं का?

अक्षरवेल
समोर आलेला शब्द कुठल्या भाषेतला आहे हे दरवेळी आधी कळत नाही. 'चेष्टा' वाचलं की मराठी माणसाच्या मनात थट्टा येते, हिंदीत तो प्रयत्न असतो. 'यातायात' आपल्याकडे त्रासाचा खटाटोप, हिंदीत रहदारी. 'संशोधन' आपल्याकडे नव्याचा शोध, हिंदीत दुरुस्ती. तिथे संविधानाचं 'संशोधन' होतं. आणि सगळ्यात फसवी जोडी 'अभिमान' आणि 'गर्व'. मराठीत अभिमान बाळगावा, गर्व करू नये. हिंदीत बहुतेक वेळा उलट: गर्व कौतुकाचा, अभिमान घमेंडीचा.

म्हणून माझं ठाम मत असं की कोशात प्रत्येक लेखनाला, म्हणजे अक्षरांच्या एकेका जुळणीला, एक पान असावं आणि ते लेखन ज्या ज्या भाषांत आहे, त्या सगळ्यांचे अर्थ एकाखाली एक तिथेच मिळावेत. विक्शनरी हा इंटरनेटवरचा मुक्त कोश २००२ पासून याच पद्धतीने चालते. एका भाषेच्या कोशात शोधणाऱ्याला पहिला अर्थ सापडतो आणि तो तिथेच थांबतो. दुसरा अर्थ असू शकतो ही शंकाही त्याला येत नाही.

कानामात्रा
पूर्ण असहमत. अर्थ अक्षरांत नसतो, भाषेत असतो. नुसत्या अक्षरांवर पानं बांधली तर काय होतं ते पाहा. हिंदीत आणि संस्कृतात 'कवि', मराठीत 'कवी'. अर्थात काडीचा फरक नाही, तरी पानं दोन. कारण काय, तर आपल्या लेखननियमांनी तत्सम शब्दांचा शेवटचा इकार-उकार दीर्घ ठरवला. हे नियम १९६२ सालचे. त्याआधी आपणही 'कवि', 'बुद्धि', 'गति' सर्रास लिहीत होतो, म्हणजे तेव्हा पान एक झालं असतं. एका नियमाने सख्खी भावंडं वेगळ्या घरांत जातात, अशी ही रचना.

उलट 'खाली' घ्या. मराठीत खालच्या बाजूला, हिंदीत रिकामं. हिंदीतला शब्द अरबीतून आला आहे आणि नीट लिहिला तर त्याच्या 'ख'खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असतो. लिहिताना तो अनेकदा गळतो, आणि तेवढ्यावर दोन परके शब्द एका पानावर येऊन बसतात. यातून वाचकाने काय शिकायचं?

साधा वाचक
'खाली' तेवढा परका नाही हो. 'जागा खाली करा' आपण म्हणतोच, आणि तालात टाळीसोबत खालीही असते. एकट्या मराठीतच दोन्ही अर्थ नांदतात.

मूळधातू
अक्षरवेल, तुमची अडचण खरी आहे, उपाय चुकीचा आहे. लिपीच्या भिंतीपलीकडे काय आहे ते तुमच्या पानाला दिसणारच नाही.

'राग' पाहा. मूळ धातूचा अर्थ रंगणं. त्यावरून रंग, आसक्ती ('राग-द्वेष'मधला), गायनातला राग, आणि मराठीत संताप. हिंदीत संतापाचा अर्थ रूढ नाही. बंगालीत मात्र आहे! 'संसार'चंही तसंच. संस्कृतात जन्ममरणाचा फेरा, हिंदीत जग, आणि मराठीप्रमाणे बंगालीतही घरसंसार. मध्ये हिंदीचा एवढा पट्टा सोडून मराठी आणि बंगाली एकाच अर्थावर भेटतात. मला तरी या विषयातलं हे सर्वांत सुंदर दृश्य वाटतं. पण बंगाली वेगळ्या लिपीत लिहिली जाते, म्हणून तुमच्या देवनागरी पानावर ते येणार नाही. तीच गत तेलुगूची. 'अवकाश' मराठीत मोकळी जागा किंवा सवड, हिंदीत सुट्टी, तेलुगूत संधी. 'प्रपंच' मराठीत घरसंसार, हिंदीत बखेडा, तेलुगूत अख्खं जग.

पान लेखनाचं नको, मुळाचं हवं.

अक्षरवेल
मुळाचं पान अभ्यासकाला उपयोगी. पण ज्याला मूळ माहीत नाही त्याने ते उघडायचं कसं? 'पीठ'चं मूळ कोणतं? दळलेलं पीठ 'पिष्ट'वरून, हिंदीतली पाठ 'पृष्ठ'वरून, आणि विद्यापीठातलं पीठ म्हणजे आसन. तीन उगम, एक लेखन. वाचकाच्या हातात फक्त ती दोन अक्षरं असतात, म्हणून दार तिथेच हवं. लिपीपलीकडच्या नात्यांचे दुवे त्याच पानावर देता येतात.

आणि कोण परका, कोण सख्खा हे आधीच ठरवू नका. इंग्रजीत 'गिफ्ट' म्हणजे भेट, जर्मनमध्ये त्याच अक्षरांचा अर्थ विष, स्वीडिशमध्ये विषही आणि विवाहितही. वरवर निव्वळ योगायोग वाटतो, पण तिन्हींच्या मुळाशी 'देणं' आहे. दिलेली वस्तू, दिलेली मात्रा, लग्नात दिलेली. एका पानावर आले नसते तर हे विचारायचं कुणाला सुचलं असतं?

तर्जुमा
मी हिंदीतून मराठीत भाषांतर करते, त्यामुळे रोजचं सांगते. अनोळखी शब्दासाठी कोश उघडला जातोच. घात करतात ते ओळखीचे वाटणारे. 'शिक्षा' हिंदीत शिक्षण, वेदांगांत उच्चारशास्त्र, मराठीत दंड. वाक्य विचित्र वाटतं, म्हणून 'शिक्षा' लगेच पकडली जाते. 'अभिमान' मात्र वाक्यात चपखल बसतो आणि लेखकाने केलेली निंदा मराठीत स्तुती होऊन छापली जाते. तिथे कुणीच कोश उघडत नाही, मग पान एक असो की दहा.

म्हणून मला दोघांचंही पटत नाही. मराठी कोशातल्या 'अभिमान'च्या नोंदीतच एक ठळक ओळ हवी: हिंदीत हा शब्द बहुधा दोष दाखवतो. सगळ्या भाषांची यादी नको, शेजारच्या भाषेत जिथे पाय घसरतो तेवढंच सांगा.

कानामात्रा
याला माझा पाठिंबा. फक्त ती ओळ 'गर्व'च्या नोंदीतही हवी, नाहीतर अर्धीच चूक टळेल.

अक्षरवेल
आणि नेपाळी वाचकाने काय करायचं? देवनागरी त्याचीही आहे. त्याच्यासाठी वेगळी ओळ, मैथिलीसाठी वेगळी, कोकणीसाठी वेगळी? त्या सगळ्या ओळी एकत्र लिहिल्या की माझंच पान तयार होतं.