आधी पोचली तीच जिंकली, असं नसते ना भाऊ

शिडाच्या बोटींच्या शर्यतीवर कोणीतरी लिहिलं की यात काय एवढं, जी बोट आधी पोचली ती जिंकली. नाही ना भाऊ! ऑस्ट्रेलियातल्या सिडनी-होबार्ट शर्यतीचंच घ्या, 1945 पासून सुरू आहे, 26 डिसेंबरला सुटते, 628 नॉटिकल मैल, म्हणजे नागपूर-मुंबईपेक्षाही लांब. 2023 ला लॉ-कनेक्ट बोटीनं कोमांची बोटीला हरवलं ते फक्त 51 सेकंदांनी, आपण व्हेरायटी चौकात सिग्नलला त्याहून जास्त उभे राहतो, आन् तरी मुख्य कप नेला अलाइव्ह नावाच्या तिसऱ्याच बोटीनं! कारण प्रत्येक बोटीची लांबी, वजन, शिडं मोजून हँडिकॅप, म्हणजे एक आकडा, ठरते, लागलेला वेळ त्यानं गुणतात, मग निकाल.

आणि यजमान क्लब, क्रूझिंग याट क्लब ऑफ ऑस्ट्रेलिया, नुसता पार्ट्यांचा नाही. 1998 च्या शर्यतीतल्या वादळात 6 जण गेले, 5 बोटी बुडाल्या. त्यानंतर नियम आला, ऑस्ट्रेलिया आन् टास्मानियाच्या मधल्या बासच्या सामुद्रधुनीत शिरायच्या आधी, किनाऱ्यावरच्या ग्रीन केप टोकापाशी स्किपरनं, म्हणजे बोटीच्या कप्तानानं, रेडिओवर सांगायचं की बोट ठीक, माणसं ठीक, आम्ही पुढं जातो. म्हणजे निर्णय शेवटी त्याचाच. मी तर अंबाझरी तलावात बोटीत बसलो होतो तेव्हा लाइफ जॅकेटचं बक्कल चारदा ओढून पाहिलं होतं, पोरं हसत होती.