विषय: सीनाने टॅप केलं ते बरोबर की चूक?

प्रेषक: कोथरूडकर (सध्या मुक्काम पुणे)
रविवार, 14 डिसेंबर 2025

मंडळी, नमस्कार.

मंडळाच्या ईमेल यादीवर डब्ल्यूडब्ल्यूईबद्दल, म्हणजे त्या अमेरिकन शोवाल्या कुस्तीबद्दल लिहितोय म्हणून चिटणीस रागावणार, ते रागावोत. जॉन सीना आज निवृत्त झाला. वॉशिंग्टनला शनिवारची रात्र, इथे रविवारची सकाळ. भाचा, त्याचे सोसायटीतले मित्र आणि मी, बहिणीने केलेले पोहे मांडीवर घेऊन बसलो होतो. शेवटच्या मॅचचा प्रतिस्पर्धी गुंथर, त्याने मागून गळा आवळला, सीनाने सुटायची धडपड केली, आणि शेवटी किंचित हसून हात आपटला. टॅप आउट, म्हणजे शरणागती! भाच्याने उशी भिरकावली. तिकडे अख्खं सभागृह बू करत होतं, डब्ल्यूडब्ल्यूईच्या गोष्टी ठरवणारा ट्रिपल एच बाहेर आल्यावर तर जास्तच.

ज्याच्या टी-शर्टवर, टोपीवर, रुमालावर वर्षानुवर्षं "नेव्हर गिव्ह अप" छापलं, तोच शेवटच्या मॅचला गिव्ह अप करतो, ही इथल्या पोरांची तक्रार. मला मात्र ते पटलं. जाणाऱ्याने राहणाऱ्याला मोठं करून जायचं हा त्या धंद्याचा जुना रिवाज आहे. 2008 मध्ये रिक फ्लेअर शॉन मायकल्सकडून हरूनच डब्ल्यूडब्ल्यूईतून बाहेर पडला. रेसलमेनिया या त्यांच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या शोमधली अंडरटेकरची 21 विजयांची माळ 2014 साली ब्रॉक लेस्नरने तोडली, तेव्हाही लोक असेच सुन्न झाले होते. आज मात्र त्या माळेचा विषय निघाला की ब्रॉकचंच नाव आधी निघतं.

माझी तक्रार शेवटच्या मिनिटाबद्दल नाही, मार्चपासून जे चाललं त्याबद्दल आहे. एलिमिनेशन चेंबर या शोला सीनाने तेव्हाचा चॅम्पियन कोडी ऱ्होड्सला मिठी मारली, रॉकने गळ्यावरून अंगठा फिरवून इशारा केला आणि सीनाने कोडीला नको तिथे लाथ घातली. वीस-बावीस वर्षांनी सीना हील, म्हणजे खलनायक! सकाळी मी इतका ओरडलो की बायको उठून आली. आणि मग? रॉक गायब. रेसलमेनियालासुद्धा आला नाही. त्याच्याऐवजी एक रॅपर रिंगमध्ये शिरला. सीनाने सतरावा किताब जिंकला, फ्लेअरचा सोळाचा विक्रम मोडला, आणि ऑगस्टमध्ये समरस्लॅम या मोठ्या शोमधल्या आपल्या मॅचच्या दोनच दिवस आधी एका भाषणात पुन्हा गुणी बाळ झाला. वाईट का झालास? उत्तर नाही. चांगला का झालास? तेही नाही.

तुम्हाला काय वाटतं?

---

प्रेषक: नाना

आयुष्यमान कोथरूडकर,

सगळी नुरा कुस्ती. जोड कुणाची, डाव कुठला, पाठ कुणाची लागणार, सगळं आधी लिहिलेलं. त्यावर पानभर मजकूर!

आम्ही शुक्रवारात चिंचेच्या तालमीच्या आसपास वाढलो. पहाटे हौदातली माती उकरायची, जोर-बैठका काढायच्या, वस्तादाने एक शिवी दिली की तो दिवस सोन्याचा. तिथे कुणी कुणाला मिठी मारून लाथ घातली असती तर त्याची चड्डी लंगोट उचलून रस्त्यावर फेकली असती.

– नाना

---

प्रेषक: चिटणीस

सर्व सभासदांस विनंती की ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची नोंदणी अजून अर्धीही झालेली नाही.

(नाना, बहुतेक "चड्डी लंगोट" मध्ये स्वल्पविराम राहिला. आणि सीनाने टॅप करायला नको होतं.)

---

प्रेषक: टोरंटोची ताई (माहेर सदाशिव पेठ)

कोथरूडकर, अर्धंच सांगितलंत. सीनाने कारण दिलं होतं. मार्चमध्येच ब्रसेल्सला रॉ या साप्ताहिक शोमध्ये उभा राहून तो सरळ प्रेक्षकांना म्हणाला की तुम्हीच मला वर्षानुवर्षं छळलंत, वापरलंत, माझी टिंगल केलीत. आणि ते खोटं होतं का? "लेट्स गो सीना, सीना सक्स" हा गजर आपणच केला ना? अर्धं स्टेडियम एक ओळ, अर्धं दुसरी, भजनातल्या टाळकऱ्यांसारखं. पोरं आणि बायका एका बाजूला, दाढीवाले दुसऱ्या. मला तो प्रोमो, म्हणजे माइकवरचं भाषण, फार आवडला. पुढच्या आठवड्यांत तो कुणी पुढे नेला नाही, ही वेगळी गोष्ट.

मला बायकांच्या कुस्तीबद्दल बोलायचंय, कारण तुमच्यापैकी एकही जण बोलणार नाही, माहीत आहे मला.

2018 च्या समरस्लॅमला बेकी लिंच आणि शार्लट फ्लेअर एका मॅचमध्ये होत्या. शार्लट आयत्या वेळी आत आली, जिंकली, आणि बेकीने मैत्रिणीला मिठी मारता मारता धुतलं. लेखकांच्या वहीत बेकी खलनायिका. लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं, पण आनंदाने! कारण तिच्यावर अन्याय होतोय हे सगळे कित्येक महिने बघत होते. कंपनी पुढचे काही आठवडे तिला वाईट ठरवायला बघत होती आणि लोक ऐकेनात. मग नोव्हेंबरमध्ये एका रॉला मारामारीत नाया जॅक्सचा ठोसा खरोखरच लागला. नाक मोडलं, तोंडभर रक्त, आणि ही बाई प्रेक्षकांत पायऱ्यांवर उभी राहून हात पसरून हसतेय. तो ठोसा कुणी लिहिलेला नव्हता. पण त्या एका चित्राने तिला "द मॅन" केलं, आणि एप्रिल 2019 मध्ये रेसलमेनियाची शेवटची मॅच पहिल्यांदा बायकांची झाली. बेकी, शार्लट, रोंडा राउझी.

नाना, म्हणून तुमचं "सगळं आधी लिहिलेलं" मला मान्य नाही. लिहिलेलं असतं, पण खोडायचा हक्क प्रेक्षकांच्या खुर्चीत बसलेल्यांना असतो. 2024 मध्ये रेसलमेनियाच्या मुख्य मॅचमधली कोडीची जागा रॉकला द्यायचं ठरलं होतं, टीव्हीवर जाहीरसुद्धा केलं. लोकांनी इतका गोंधळ घातला की आठवड्याच्या आत लास व्हेगासच्या पत्रकार परिषदेत सगळं फिरवावं लागलं. कुठल्या नाटकात असं होतं? भरत नाट्यमंदिरात दुसऱ्या अंकात प्रेक्षक ओरडले म्हणून तिसरा अंक बदललेला मी तरी बघितला नाही.

टॅपबद्दल: बरोबर होतं. हसला ते बघा. त्याला कळलं होतं की आता सोडायचं.

---

प्रेषक: चिंचवडकर

माझा एकच मुद्दा. जिंदर महाल.

मे 2017, रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन. त्याआधी हा माणूस बहुतेक दर आठवड्याला हरायचा. भारतात धंदा वाढवायचा म्हणून बेल्ट दिला, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. कॅनडात जन्मलेला, पण "महाराजा". फेटा घालून यायचा आणि पंजाबीत बोलला की अमेरिकेतले लोक बू करायचे. म्हणजे आपली भाषा हीच खलनायकी. जुलैमध्ये बांबूच्या पिंजऱ्यातली ती पंजाबी प्रिझन मॅच, मध्येच खली आला, ऑर्टनचा गळा धरला, झालं.

आणि कळस ऐका. ज्या बाजारासाठी एवढं केलं तिथे डिसेंबरमध्ये दिल्लीला शो होता. त्याच्या महिनाभर आधीच मँचेस्टरमध्ये एजे स्टाइल्सला बेल्ट देऊन मोकळे झाले. दिल्लीत तरी जिंकवतील म्हणून माझा मित्र पुण्याहून तिकीट काढून गेला. तिथे जिंदरला कुणी हरवलं? ट्रिपल एचने. म्हणजे मालकाच्या जावयाने!

सीनाच्या टॅपवर रडणाऱ्यांना माझी सहानुभूती नाही.

---

प्रेषक: कोथरूडकर

ताई, ब्रसेल्सचा प्रोमो मान्य. पण तो रागाचं कारण होता, रॉकच्या ताटाखालचं मांजर होण्याचं नव्हता. लोकांवर राग असेल तर लोकांशी भांड, रॉकच्या इशाऱ्यावर कोडीला का मारतोस? ते दोन धागे कधी जुळलेच नाहीत.

चिंचवडकर, तुमचं दुःख समजतं. जिंदरची मेहनत खरी होती, शरीर केवढं कमावलं होतं! गोष्ट नव्हती त्याच्याकडे. दुकानाची पाटी होती.

आता नानांसाठी. नाना, ठरलेला निकाल ही माझी अडचण कधीच नव्हती. कीचक मरणार हे माहीत असूनही लोक दशावतार बघतातच की. लिहिलेलं आहे म्हणून कुणी चिडत नाही. "का" हे न सांगता पुढे रेटलं की चिडतो. "का" सांगितलं की काय होतं त्याचं उदाहरण देतो.

रोमन रेन्सचं घराणं, ब्लडलाइन. रोमन हा कुटुंबप्रमुख, चुलतभाऊ जिमी आणि जे उसो, धाकटा सोलो, आणि कानाशी लागणारा पॉल हेमन. 2020 च्या ऑगस्टपासून 2024 च्या एप्रिलपर्यंत, 1316 दिवस बेल्ट रोमनकडे. 2022 मध्ये या घरात सॅमी झेन शिरला. ना रक्ताचा, ना जातीचा, नुसता गोड बोलून. लग्नघरात एखादा लांबचा पाहुणा यावा आणि पंगतीत वाढायलाच लागावा, तसा. रोमनने त्याला टी-शर्ट दिला: मानद भाऊ. सगळ्यांना तो आवडायला लागला, फक्त जेला नाही. जे त्याच्याकडे बघायचासुद्धा नाही. मग नोव्हेंबरमध्ये वॉरगेम्स या गटागटाच्या मॅचला सॅमीने आपला जुना जिवलग केविन ओवेन्स याला फसवलं, त्याचाच बळी देऊन जेला जिंकून दिलं, आणि जेने पहिल्यांदा त्याला मिठी मारली. जानेवारीत रोमनने सॅमीवर खटला भरला तेव्हा त्याची बाजू कुणी घेतली? जेनेच.

आता 28 जानेवारी 2023, रॉयल रंबल, सॅन अँटोनियो. केविनचे हात दोरांना बेड्यांनी बांधलेले. रोमन खुर्ची सॅमीच्या हातात देतो: मार. सॅमीचा हात उठत नाही. तो केविनकडे बघतो, रोमनकडे बघतो. रोमन त्याच्या अंगावर ओरडतो, तोंडावर ढकलतो, मग पाठ फिरवतो. आणि खुर्ची रोमनच्या पाठीत. नंतर जिमी आणि सोलो सॅमीला तुडवतात, आणि जे? जे काहीच करत नाही. रडवेल्या तोंडाने रिंगमधून उतरून चालायला लागतो.

त्यात डाव असा एकही नाही, नाना. एक खुर्ची आणि चार चेहरे. पण आठ-नऊ महिन्यांत एकही धागा वाया गेला नव्हता. पुढच्या महिन्यात सॅमी त्याच्या गावी, माँट्रियलला, रोमनकडून हरला, तरी कुणी "बुकिंग (म्हणजे गोष्टीची आखणी) भिकार" म्हणालं नाही. रडले लोक. हरण्याचं कारण कळलं होतं.

आणि तुम्ही मातीच्या गोष्टी सांगता म्हणून. 2023 च्या जानेवारीत आमच्या कोथरूडला महाराष्ट्र केसरी झाली. माती विभागात सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड, बाहेरची टांग या डावाला महेंद्रला चार गुण दिले, आणि त्या चार गुणांवरून महाराष्ट्रभर रान उठलं. पारापारावर व्हिडिओ थांबवून थांबवून खांदा टेकला की नाही बघत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत अस्मान दाखवलं आणि गदा खांद्यावर घेतली. ती गर्दी नुसती कुस्ती बघायला आली होती का? जानेवारीचा हिशोब डोक्यात घेऊन आली होती. तुमच्या मातीतसुद्धा लोकांना गोष्टच हवी असते. तिथे लिहायला कुणी नसतं, एवढंच.

सोबत सॅमीची चित्रफीत जोडतो आहे. नातवाकडून लावून घ्या.

---

प्रेषक: चिटणीस

जोडलेली फाइल यादीच्या मर्यादेपेक्षा मोठी असल्याने अडवली आहे. नानांना वेगळी पाठवली. मी दोनदा बघितली.

हळदीकुंकू: चौदा नावं.

---

प्रेषक: नाना

बघितली.

पहिली गोष्ट, सिकंदरचं नाव या लाथाळीत घेऊ नकोस. त्या टांगेवर मी स्वतंत्र लिहीन, एका मेलमध्ये मावणार नाही. खांदा टेकला नव्हता.

दुसरी गोष्ट, दारासिंगच्या फ्रीस्टाइल आमच्या वडिलांनी मुंबईला वरळीच्या स्टेडियमवर बघितल्या. त्यातही ठरवाठरवी असते म्हणून लोक कुजबुजायचेच, आणि तिकिटंही काढायचे. तेव्हा तुमच्या "का" चं मला फार नवल वाटत नाही.

तिसरी. तो दाढीवाला, सॅमी. खुर्ची हातात आल्यावर त्याची बोटं बघितलीस? एकदा घट्ट, एकदा सैल. हातात ढाकेचा डाव आहे पण मारू की नको असं नवख्या पैलवानाचं होतं, ते हुबेहूब. पोरगा तालमीत वाढलेला नाही, पण त्याला नजर आहे. त्याचं मला पटलं.

न पटलेलं सांगतो. तुमचा रोमन तीन-तीन वर्षं चॅम्पियन म्हणता, आणि ज्याचा भरवसा नाही त्याच्या हातात खुर्ची देऊन त्याला पाठ देतो? आखाड्यात समोरच्याला पाठ कोण देतो? वस्तादाने दोन दिवस उपाशी ठेवला असता.

जेचं पुढे काय झालं ते कळव. तो घरी परत गेला का?

– नाना